न सांडणारी बॅटरी

या महिन्याच्या टपालात जुन्या इंदुरातील एका वाचक काकूंचे चार पानी पत्र आले आहे. पहिली तीन पाने घरगुती आहेत, ती आम्ही आमच्यापाशीच ठेवतो. चौथ्या पानावर त्यांनी जो प्रश्न विचारला आहे, तो मात्र आजकाल अनेक घरांत विचारला जात असणार, म्हणून त्याला या सदरात जाहीर उत्तर देणे आम्हांस उचित वाटते.

काकूंचे घर जुने, दुमजली, लाकडी माडीचे. वर जायला जिना एकच. नातवाने गेल्या दसऱ्याला विजेवर चालणारी स्कूटर घेतली. ती तो रात्री जिन्याखाली, मीटरच्या फळीजवळ उभी करून विजेला जोडतो आणि सकाळी काढतो. काकू वरच्या मजल्यावर झोपतात आणि त्यांचे गुडघे अधू आहेत. सूनबाईंना ही व्यवस्था पसंत नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी अशा दुचाकींना आगी लागल्याच्या बातम्या त्यांच्या मनातून गेलेल्या नाहीत. नातू म्हणतो, “आजी, त्या जुन्या गोष्टी. हल्लीच्या बॅटऱ्या पॉलिमरच्या असतात. आत पातळ असं काही नसतंच, मग पेटायचं काय?” काकूंनी शेवटी लिहिले आहे, “सुनेचे ऐकावे की नातवाचे, हे तुम्ही सांगावे. मला दोघेही सारखेच.”

एका वाक्यात उत्तर देणे कठीण नाही. पण कारण न सांगता दिलेले उत्तर म्हणजे नुसता हुकूम, आणि नातवंडे हुकूम मानत नाहीत हा सर्वांचाच अनुभव आहे. तेव्हा आधी कारण पाहू. त्या निमित्ताने एका अत्यंत मनोरंजक पदार्थाची ओळख होईल. नातू ज्याच्या भरवशावर बोलत आहे, तो हाच पदार्थ होय.

विजेची बॅटरी म्हणजे मुळात दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ आणि त्यांच्यामधला एक मध्यस्थ. दोहोंपैकी एकाला आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन द्यावयाचे असतात, दुसऱ्याला ते घ्यावयाचे असतात. इलेक्ट्रॉनांसाठी बाहेरून तारेची वाट असते. त्या वाटेवर आपण दिवा, पंखा किंवा स्कूटरची मोटर बसवतो आणि जाता जाता त्यांच्याकडून काम करवून घेतो. परंतु नुसते इलेक्ट्रॉनच एका बाजूकडून दुसरीकडे गेले, तर विद्युत्भाराचा तोल क्षणार्धात बिघडेल आणि प्रवाह थांबेल. तो तोल सांभाळण्यासाठी आतल्या वाटेने आयनांना, म्हणजे विद्युत्भार धारण करणाऱ्या अणूंना, पलीकडे जावे लागते. आतला मध्यस्थ हा या आयनांचा मार्ग होय. परिभाषेत त्याला विद्युत् अपघटनी म्हणतात. त्याच्यावर दोन अटी असतात. आयनांना त्याने वाट द्यावी आणि इलेक्ट्रॉनांना मात्र अडवावे. दुसरी अट मोडली की आतल्या आत शॉर्ट होतो आणि बॅटरीतील सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने एकदम बाहेर पडते.

हा मध्यस्थ प्रारंभापासून पातळच राहिला आहे. इ. स. १८०० मध्ये व्होल्टाने पहिली बॅटरी रचली, तेव्हा त्याने धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले होते. आपल्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये शिशाच्या पट्ट्यांमध्ये सौम्य गंधकाम्ल असते. पातळी उतरली की आपण त्यात डिस्टिल्ड वॉटर घालतो, आणि ते ॲसिड फरशीवर वा धोतरावर सांडले तर काय होते, हे अनेकांनी पाहिले आहे. टॉर्चमधल्या सेलला आपण ‘ड्राय सेल’ म्हणतो. परंतु जर्मनीच्या कार्ल गासनरने १८८६ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हाही त्याने एवढेच केले होते की आतले पातळ द्रव्य लगद्याच्या रूपात कोंडले. वर्षभर विसरलेली टॉर्च उघडावी, तर ‘कोरड्या’ सेलमधून पाझरलेली चिकट घाण पाहावयास मिळते. वेष्टनावरचे नाव आणि आतली वस्तू यांत अंतर असू शकते, एवढी एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

आता लिथियम. लिथियम हा सर्व धातूंत हलका. त्याच्यावर चालणारी आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्यामागील संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाले. आपल्या खिशातला फोन आणि दारातली स्कूटर तिच्यावरच चालतात. परंतु लिथियमचे पाण्याशी हाडवैर आहे, त्यामुळे या बॅटरीत पाणी चालत नाही. त्याऐवजी कार्बनी द्रावक वापरतात आणि त्यांत लिथियमचे एखादे लवण विरघळवतात. हे द्रावक जातीने ज्वालाग्राही होत. दोन विद्युदग्रांमध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा असतो आणि तो या द्रवाने भिजलेला असतो. कारखान्यातील दोषाने, आघाताने, पाणी शिरल्याने किंवा प्रमाणाबाहेर भरल्याने हा पडदा कोठे फाटला, तर आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने आतली रसायने आणखी उष्णता निर्माण करू लागतात, द्रावकाची वाफ होते आणि ती पेट घेते. एक सेल तापला की शेजारचा तापतो. स्कूटरच्या आगी इतक्या झपाट्याने वाढतात त्या यामुळे.

यावर उपाय म्हणून कोणाच्याही मनात येईल की मध्यस्थच घट्ट असावा, म्हणजे सांडणार नाही, पाझरणार नाही आणि त्याची वाफही होणार नाही. परंतु घट्ट पदार्थातून आयनांनी जावे कसे? मुंग्या भिंतीतून जातात त्या भेगा असतात म्हणून. घट्ट स्फटिकात तर प्रत्येक अणू आपल्या जागी खिळलेला.

तरीही असे होऊ शकते, हे मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकातच पाहिले होते. रौप्य सल्फाइड तापवले की ते वीज वाहू लागते, आणि शिशाचे फ्लुओराइड लालभडक तापवले की तेही, असे त्याला आढळले. पुढे १९१४ साली जर्मनीत टूबांट आणि लॉरेन्झ यांनी दाखवले की रौप्य आयोडाइड सुमारे १४७ अंश सेल्सियसच्या वर जाताच त्याची संवाहकता हजारो पटींनी वाढते. मात्र हे सारे पदार्थ कडक आणि ठिसूळ. बॅटरी भरताना आणि रिकामी होताना तिची विद्युदग्रे किंचित फुगतात आणि आकसतात. कडक मध्यस्थ त्यांच्याबरोबर हलत नाही, त्याला तडे जातात आणि संबंध सुटतो. हवा होता असा पदार्थ की जो घट्ट असून मऊ असेल.

तो जेथे सापडला तेथे बॅटरीचा विचारही कोणी करत नव्हते. १९७३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे पीटर राइट आणि त्यांचे सहकारी फेंटन व पार्कर यांनी एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॉलिएथिलीन ऑक्साइड नावाच्या बहुवारिकात सोडियम व पोटॅशियम यांची लवणे मिसळली जातात आणि त्यांचे एकजीव संयुग बनते, असे त्यांना दिसले होते. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, राइट यांनी या संयुगांची विद्युत्संवाहकता मोजून प्रसिद्ध केली.

बहुवारिक म्हणजे ज्याला आपण व्यवहारात पॉलिमर म्हणतो तो पदार्थ. एकाच घडणीचे हजारो छोटे दुवे जोडून झालेली ती लांबच लांब साखळी असते. पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या साखळीत दोन कार्बन, मग एक ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, पुन्हा एक ऑक्सिजन असा क्रम अखंड चालतो. नाव अवजड असले तरी हे द्रव्य परके नाही. याचीच आखूड साखळ्यांची धाकटी भावंडे मलमांत असतात, आणि पोट साफ होण्यासाठी डॉक्टर पाण्यात कालवून घ्यावयास देतात त्या एका पावडरीतही असतात.

लवण त्यात विरघळते कसे, हे आपल्या स्वयंपाकघरातून समजते. मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन सोडियमला चारी बाजूंनी वेढून आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून मिठाचा खडा सुटतो. तेलात त्याला असे धरणारे पुरेसे हात नाहीत. पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या साखळीत मात्र दर तिसरा अणू ऑक्सिजनचा असतो. लांब साखळी लिथियमच्या आयनाभोवती वळसा घेते आणि चार-सहा ऑक्सिजन मिळून त्याला मिठीत घेतात. पाण्याचा थेंबही नसता, घट्ट पदार्थात मीठ विरघळते ते असे.

या पदार्थाचे खरे मोल ओळखले ते फ्रान्समधील ग्रेनोबल येथील मिशेल आर्मां यांनी. १९७८ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे घन विद्युत् अपघटनींवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे त्यांनी असा प्रस्ताव मांडला की या बहुवारिकात लिथियमचे लवण विरघळवून त्याचा पातळ पापुद्रा करावा आणि तोच लिथियम बॅटरीचा मध्यस्थ म्हणून वापरावा. पापुद्रा लवचीक असल्यामुळे विद्युदग्रांच्या फुगण्या-आकसण्याबरोबर तोही हलेल. तो अत्यंत पातळ करता येत असल्यामुळे त्याची संवाहकता थोडी कमी असली तरी भागेल. पुढच्याच वर्षी त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत या विषयाचे एक नवे दालन उघडले.

पापुद्रा करण्याची जुनी रीत आपल्या गृहिणींना ओळखीची वाटेल. बहुवारिक आणि लवण योग्य त्या द्रावकात घोळून ते मिश्रण सपाट ताटलीत ओततात आणि द्रावक उडून जाऊ देतात. आंब्याचा रस ताटात पसरून उन्हात आंबापोळी घालतात त्याचीच ही आवृत्ती. पोळी सुटते तसा पापुद्रा सुटतो.

आता मुख्य प्रश्न. चार-सहा ऑक्सिजनांच्या मिठीत सापडलेला लिथियम पुढे सरकतो कसा?

येथे आम्हांस लग्नघरातील तान्ह्या मुलाची आठवण होते. मूल स्वतः चालत नाही, पण संध्याकाळपर्यंत ते ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून परसात पोचलेले असते. मावशीच्या मांडीवरून आत्याच्या मांडीवर, आत्याकडून आजीकडे असा त्याचा प्रवास होतो. एकीने हात सैल करायचे आणि दुसरीने पुढे करायचे, की मूल सरकते. बहुवारिकाच्या साखळ्याही अशाच. ऊबदार तापमानाला त्या स्वस्थ नसतात. त्यांचे तुकडे सारखे वळवळत, कुशी बदलत असतात. एक ऑक्सिजन सैल होतो, शेजारचा पुढे येतो आणि लिथियम एक पाऊल सरकतो. कधी तो त्याच साखळीवर पुढे जातो, कधी शेजारच्या साखळीवर चढतो, तर कधी साखळीच त्याला घेऊन थोडी सरकते. मांडी हलली तरच मूल हलणार, हे यातील मर्म होय.

मग याचा दुसरा भागही ओघानेच आला. लग्नघरातील मंडळी झोपली की मूल जागचे हलत नाही. पॉलिएथिलीन ऑक्साइडला झोपण्याची खोड आहे. त्याच्या साखळ्यांना संधी मिळाली की त्या शिस्तीत घड्या घालून स्फटिक बनतात. पौषात आपल्याकडे साजूक तूप थिजते आणि त्यात रवे दिसतात, तसा हा प्रकार. फरक इतकाच की तूप इंदूरच्या उन्हाळ्यात पातळ होते, आणि या बहुवारिकाचे स्फटिक वितळावयास सुमारे ६५ अंश सेल्सियस लागतात. म्हणजे आपल्या खोलीतल्या तापमानाला त्याचा मोठा भाग निद्रिस्तच असतो. १९८३ साली ग्रेनोबल येथे बर्तिए, आर्मां व त्यांचे सहकारी यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने दाखवून दिले की आयनांची ये-जा स्फटिकी भागातून जवळजवळ होत नाही. ती अस्फटिकी, सैल, जागत्या भागातून होते.

परिणाम आकड्यांत सांगावयाचा तर असा. खोलीच्या तापमानाला या घट्ट पापुद्र्याची आयनसंवाहकता बॅटरीतील नेहमीच्या द्रवाच्या सुमारे दहा हजारांश ते लक्षांश इतकीच भरते. तापमान ६० ते ८० अंशांवर नेले की ती झपाट्याने वाढते आणि कामापुरती होते. एरवी काहीही तापवले की सारे थोडे जलद होते. येथे मात्र ६५ अंशांच्या आसपास स्फटिक वितळताच एकदम पायरी चढल्यासारखी वाढ होते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. लवणाचे दोन भाग असतात, धनभाराचा लिथियम आणि त्याचा ऋणभाराचा जोडीदार. बॅटरीला उपयोग लिथियमच्या चालण्याचा. परंतु लिथियमला ऑक्सिजनांनी घट्ट धरलेले, आणि जोडीदाराला धरणारे कोणी नाही. त्यामुळे शंभर भाग विद्युत्भार वाहिला गेला तर त्यांतले वीस-तीस भागच लिथियमचे असतात, बाकीची धावपळ जोडीदाराची. तो एका बाजूला जाऊन गर्दी करतो आणि दुसऱ्या बाजूला लवणाचा दुष्काळ पडतो. जेथे दुष्काळ पडतो तेथे बॅटरी भरताना लिथियम सपाट न बसता काट्यांसारखा वाढू लागतो, आणि एखादा काटा पापुद्रा भेदून पलीकडे पोचला की पुन्हा तेच शॉर्टचे संकट उभे राहते.

तिसरी अडचण या दोहोंतून निघालेली आहे. साखळ्या जितक्या सैल, तितका आयन जलद. पण साखळ्या जितक्या सैल, तितका पापुद्रा दुबळा आणि काट्याला अडवण्याची त्याची शक्ती कमी. एकाच वस्तूकडून वेग आणि बळ अशी दोन परस्परविरोधी कामे करवून घ्यावयाची आहेत. पन्नास वर्षे संशोधक झटत आहेत ते या पेचाशी.

त्यांनी योजलेले उपाय वाचण्यासारखे आहेत. एक उपाय साखळ्यांना झोपू न देण्याचा. साखरेच्या पाकात लिंबाचे चार थेंब टाकले की पाक साखरत नाही, हे आपण जाणतो. १९९८ साली रोममधील स्क्रोसाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टायटॅनियम वा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड या बहुवारिकात मिसळली, तर ते थंड झाल्यावरही स्फटिक बनण्याचे बरेच टाळते आणि संवाहकता वाढते. दुसरा उपाय जोडीदाराला जखडण्याचा. २०१३ साली फ्रान्समधील संशोधकांनी ऋणभाराचा भाग साखळीलाच रासायनिक बंधाने बांधून टाकला, म्हणजे चालावयास लिथियमच उरला. तिसरा शोध तर प्रस्थापित मतालाच धक्का देणारा होता. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील पीटर ब्रूस यांच्या गटाने २००१ साली दाखवले की काही विशिष्ट संयुगांत स्फटिकी भागातूनही आयन जातात. त्या संयुगांत साखळ्यांच्या जोड्या मिळून बोगदे तयार होतात, लिथियम बोगद्यातून सरकतो आणि जोडीदार बोगद्याबाहेर राहतो. त्याची संवाहकता व्यवहारापुरती नव्हती. तथापि, अठरा वर्षे सर्वांनी मानलेली गोष्ट सर्वत्र खरी नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

या कामात आपल्या देशाचा वाटाही आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. सुरेश चंद्र यांचा घन पदार्थांतील आयनवहनावरील ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. आमच्या पुष्कळ वाचकांचे सोयरेधायरे ज्या रायपुरात आहेत, तेथील रविशंकर शुक्ल विश्वविद्यालयात प्रा. आर. सी. अग्रवाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रावक मुळीच न वापरता, बहुवारिक आणि लवण एकत्र तापवून दाबाखाली पापुद्रा काढण्याची रीत अभ्यासली. आंबापोळी वाळण्याची वाट न पाहता दशमी थापावी, तसे हे. या विषयाचा त्यांनी घेतलेला आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला आहे.

मग हा पदार्थ प्रयोगशाळेबाहेर आला आहे की नाही? आला आहे. डिसेंबर २०११ मध्ये पॅरिस शहरात भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या मोटारींची एक मोठी योजना सुरू झाली. त्या मोटारींत लिथियम धातू आणि घट्ट बहुवारिक यांची बॅटरी होती. वर सांगितलेली झोपेची खोड तेथेही सुटली नव्हती. बॅटरी साठ अंशांहून अधिक ऊन राखावी लागे, म्हणून उभी असलेली मोटार विजेला जोडून ठेवण्याची पद्धत होती. ती योजना जुलै २०१८ च्या अखेरीस बंद पडली ती पैशांच्या वादापायी. पुढे त्याच जातीच्या बॅटऱ्या पॅरिसच्या काही बसगाड्यांतही बसवण्यात आल्या. एप्रिल २०२२ मध्ये त्यांतल्या दोन बसगाड्यांना लागोपाठ आग लागली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, परंतु तेथील वाहतूक संस्थेने त्या जातीच्या १४९ बसगाड्या काही काळ रस्त्यावरून काढून घेतल्या.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत आहो. मध्यस्थ घट्ट झाला म्हणजे सांडण्याचे आणि वाफेचे भय पुष्कळ कमी होते, हे खरे. पण बहुवारिकही शेवटी कार्बनी द्रव्य आहे. पुरेसे तापले तर तेही जळते, आणि लिथियम धातू तर जळतोच. बॅटरीत शक्ती कोंडलेली असते. कोंडलेल्या शक्तीपासून पूर्ण निर्भय असे भांडे अजून कोणी घडवलेले नाही.

आता नातवाच्या म्हणण्याकडे वळू. ‘पॉलिमर’ हा शब्द त्याने कोठे तरी वाचला असणार, आणि तो खोटा नसणार. परंतु बाजारात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. फोनमध्ये आणि खेळण्यांत ज्या चपट्या ‘लिथियम पॉलिमर’ बॅटऱ्या येतात, त्यांतल्या बहुतेकांत द्रव असतोच. कधी तो बहुवारिकात शोषवून ठेवलेला असतो, तर कधी मऊ पाकिटात नेहमीसारखा भरलेला. भिजवलेला साबुदाणा वरून कोरडा दिसला तरी त्याच्या पोटात पाणी असते, तशी ही गोष्ट. ज्यात द्रवाचा अंशही नाही अशी खरीखुरी घट्ट बहुवारिकाची बॅटरी आपल्या दारातल्या स्कूटरमध्ये असण्याचा संभव जवळजवळ नाही. ती असती, तर स्कूटर उभी असतानाही तिला ऊब द्यावी लागली असती. नातवाने एवढाच विचार केला तरी त्याची शंका फिटेल.

सूनबाईंनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. या बॅटऱ्या लाखो घरांत रोज भरल्या जातात आणि बहुतेक सर्व बिनतक्रार चालतात. २०२२ च्या डिसेंबरपासून सरकारने या वाहनांच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियमही अधिक कडक केले. घरात स्कूटर आली म्हणजे घरात आग आली, असे समजण्याचे कारण नाही. पेट्रोलची टाकी असलेली दुचाकीही आपण अनेक वर्षे ओसरीत ठेवत आलो आहो.

तथापि, जिन्याखालची जागा मात्र बदलली पाहिजे. याबाबत आमच्या मनात मुळीच शंका नाही. आग लागण्याचा संभव थोडा असेल, पण ती लागलीच तर मिनिटांत भडकते, तिचा धूर विषारी असतो आणि तो जिन्याने थेट वर चढतो. लाकडी जिना हीच वरच्या माणसांची एकमेव वाट. ज्यांचे गुडघे अधू आहेत त्यांना खिडकीचा पर्याय नसतो. तेव्हा स्कूटर अंगणात, भिंतीला लागून, छपराखाली आणि दारापासून दूर उभी करावी. तसे अंगण नसेल आणि बॅटरी निघणारी असेल, तर ती काढून मोकळ्या, हवेशीर फरशीवर ठेवावी. जवळ पडदे, गाद्या, रद्दी असू नये.

आणखी चार गोष्टी आहेत. बॅटरीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा, स्वस्तातला दुसरा नको. उन्हातून आल्यावर लगेच जोडू नये, बॅटरी निवू द्यावी. सर्वजण झोपल्यावर रात्रभर लावून ठेवण्याऐवजी संध्याकाळी, घरात माणसे जागी असताना भरावी. बॅटरी फुगलेली दिसली, पडली, पाण्यात भिजली किंवा तिला वेगळाच वास येऊ लागला, तर ती वापरणे त्या क्षणी थांबवून दुकानदाराकडे परत न्यावी, आणि तोवर घराबाहेर ठेवावी. धूर दिसलाच तर विझवण्याच्या भरीस न पडता आधी माणसे बाहेर काढावी आणि मग अग्निशामक दलाला बोलवावे. फोनची बॅटरी फुगली तरी हेच लागू. ती दाबून बसवण्याचा किंवा टाचणीने भोक पाडण्याचा प्रयोग करू नये.

शेवटी काकूंना उत्तर. आज सुनेचे ऐकावे. पण नातवालाही चुकीचे ठरवू नये. तो जे बोलला ते राइट आणि आर्मां यांच्या प्रयोगशाळांत पन्नास वर्षांपूर्वीच खरे ठरू लागले होते. दारातल्या स्कूटरपर्यंत ते अद्याप पोचावयाचे आहे, एवढेच. मुलाला विज्ञानाची आवड दिसते. त्याने हा लेख वाचावा आणि आपल्या बॅटरीवर नेमके काय छापले आहे ते पाहून आम्हांस कळवावे. त्याचे पत्र आम्ही आवडीने छापू.

आणि ते पत्र लिहावयास बसण्यापूर्वी आजच संध्याकाळी त्याने स्कूटर जिन्याखालून बाहेर काढावी, एवढी आमची त्याला विनंती आहे.